नाव न घेता केलेला निषेध

सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण असं की तिथे वाईट गोष्टीचा निषेध होतो. दुसरं असं की ती वाईट गोष्ट कोणी केली, हे त्या निषेधात कुठेही येत नाही. पहिलं लक्षण पुष्कळ समाजांत आढळतं. दुसऱ्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार लागतात, आणि ते आपल्याकडे आहेत. कुठलंही वर्तमानपत्र उघडा, अमुक पुढाऱ्याने तमुक पुढाऱ्यावर 'नाव न घेता' टीका केलेली असते. ती सगळ्यांना कळते, ज्याच्यावर केली त्यालाही कळते, आणि संध्याकाळी दोघं एकाच लग्नात शेजारी बसून जिलेबी खातात. नाव घेतलं असतं तर दोघांपैकी एकाला उपाशी परतावं लागलं असतं. (माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव उखाण्याशिवाय उभ्या जन्मात घेतलं नाही. संसार सुखाचा झाला, असं सासरे सांगत.)

या बाबतीत आमच्या सोसायटीने जो पायंडा पाडला आहे तो इतरांनाही उपयोगी पडावा, म्हणून हे लिहायला घेतलं. मी सोसायटीचा सचिव आहे. त्याआधी सरकारी नोकरीत आस्थापना शाखेत हयात घालवली. त्या काळातल्या एकाही कागदावर माझं स्पष्ट मत सापडणार नाही. दोन चौकशी समित्यांनी शोधून पाहिलं, त्याही हात हलवत परत गेल्या.

आमचं संकुल वसई आणि नालासोपारा यांच्या मध्ये येतं. नाव 'सागरछाया'. इथून सागर दिसत नाही, आणि छाया पडते ती पाण्याच्या टाकीची. टाकीत पाणी असतं की नाही हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळी उपसमिती आहे. माणसं मात्र सोन्यासारखी. कोणी कोकणातले, कोणी साताऱ्या-सांगलीकडचे, कोणी परळची खोली विकून आलेले. सगळे कुठून ना कुठून आलेले असल्यामुळे बाहेरच्यांचा उपद्रव काय असतो याची प्रत्येकाला घरबसल्या कल्पना आहे. त्यातूनच दोन वर्षांपूर्वी 'मूळ रहिवासी संरक्षण मंडळा'ची स्थापना झाली.

मूळ रहिवासी म्हणजे कोण, यावर पहिल्याच बैठकीत बराच खल झाला. अखेर मंडळाच्या अध्यक्षांनी तोडगा काढला. बिल्डरच्या पहिल्या बुकिंगमध्ये ज्याने फ्लॅट घेतला तो मूळ, बाकीचे बाहेरचे. अशा रीतीने या भूमीचा इतिहास २०११ सालच्या गुढीपाडव्याला, स्टिल्ट पार्किंगसह, सुरू झाला असं एकमताने ठरलं. सोपाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं म्हणतात. असेल. बुकिंग केलं होतं का त्यांनी?

अध्यक्षांचं नाव मी इथे घेत नाही. कशाला उगाच? माणूस देव आहे. कोणाच्या घरी मयत झाली तर सर्वांत आधी पोहोचणार, कोणाचं गॅस सिलिंडर अडलं तर स्वतःच्या स्कूटरवरून आणून देणार. मंडळाच्या कार्याचा आवाकाही मोठा आहे: रक्तदान शिबिर, कोजागिरीचं मसाला दूध, महिलांसाठी पाककला, मुलांसाठी चित्रकला स्पर्धा (गेल्या वर्षीचा विषय 'माझा शेजारी'), आणि प्रबोधन. प्रबोधन म्हणजे ज्या भाडेकरूंना आपण बाहेरचे असल्याची जाणीव नसते, त्यांच्या दाराला चिठ्ठी लावून ती करून देणं. चिठ्ठीने भागलं नाही तर दारासमोर ओला कचरा, त्यानेही भागलं नाही तर घरमालकाला फोन. चिठ्ठीवर सही नसते. सत्कार्य करावं आणि विसरून जावं, ही अध्यक्षांची शिकवणच आहे.

असं प्रबोधन बी-३०४मध्ये सुरू झालं तेव्हाची ही गोष्ट.

बी-३०४मध्ये आलोशियस सर आणि व्हेरोनिकाबाई राहत. सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मूळचे इथल्याच होळी गावचे. तिथलं जुनं घर पावसाळ्यात एका अंगाने बसलं, नवं बांधायची परवानगी कुठल्या तरी टेबलावर बसली, म्हणून हे दोघं भाड्याने आले. आमचंच संकुल निवडायचं कारण एकच. व्हेरोनिकाबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, आणि ते केंद्र आमच्या गेटसमोर आहे. रस्ता ओलांडला की झालं. फ्लॅटचे मालक शांताराम चिपळूणला असतात. करार जानेवारीअखेर संपत होता आणि शांतारामांनी तो पुढे वाढवायचं तोंडी कबूल केलं होतं. बाईंचं बरं चालायचं असेल तर करार वाढणं भाग होतं. थोडक्यात, विषय एवढासाच होता.

पहिली चिठ्ठी अशी: 'आपल्या देशात परत जा.'

सर ती घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सचिवसाहेब, लिहिणाऱ्याला सांगा, माझा देश त्याला वाटतो तेवढा लांब नाही. नाक्यावरून रिक्षा मिळते."

मी त्यांना रीतसर अर्ज द्यायला सांगितलं.

व्हेरोनिकाबाई त्यांच्यामागे आमच्या दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची लिफ्ट आहे ना, तिथं माझ्या सासऱ्यांची विहीर होती. भोवती सगळी केळी. ही जागा आमच्याकडनंच गेली बिल्डरकडे. आता आम्ही कुठनं आलो म्हणून सांगायचं?"

हा मुद्दा मी अध्यक्षांच्या कानावर घातला. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग म्हणाले, "सगळं खरं हो. पण केळी पहिल्या बुकिंगमध्ये नाहीत ना."

दुसऱ्याच दिवशी बाई डायलिसिसहून परतत होत्या, तर अध्यक्षांनीच त्यांची पिशवी उचलली आणि दारापर्यंत नेऊन दिली. आत जायला दारासमोरचा कचरा ओलांडावा लागला, तर बाईंना हातही दिला. व्यक्ती आणि कार्य यांत इतका स्वच्छ फरक करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्याकडे दर महिन्याला ज्ञानसत्र असतं. नोव्हेंबरचे वक्ते आजारी पडले म्हणून मी सरांना विचारलं. सरांनी विषय दिला: 'अमेरिकेच्या पक्षीय राजकारणावर द्वेषमूलक संघटनांचा प्रभाव'. मी म्हटलं, सर, जरा हलकंफुलकं, मधुमेहावर वगैरे नाही का घेता येणार? सर म्हणाले, हे त्यावरच आहे, हळूहळू भिनतं. मला समजलं नाही, पण अमेरिका लांब आहे म्हणून परवानगी दिली.

व्याख्यान अप्रतिम झालं. सरांनी सांगितलं की एकोणिसाव्या शतकात तिथे एक गुप्त संघटना निघाली. कॅथलिक नकोत आणि बाहेरून आलेले नकोत, एवढाच कार्यक्रम. कोणी विचारलं तर सभासदांनी 'मला काही माहीत नाही' असं सांगायचं. लोक त्यांना तेच नाव ठेवून मोकळे झाले, आणि पुढे त्या मंडळींनी पक्ष काढून निवडणुका जिंकल्या, संसदेत माणसं पाठवली. म्हणजे 'मला काही माहीत नाही' म्हणणारे राज्य करू शकतात, हे अमेरिकेने तेव्हाच सिद्ध केलं होतं. मग विसाव्या शतकात कू क्लक्स क्लॅन नव्याने उभी राहिली. (हे नाव सरांनी खुशाल घेतलं. सातासमुद्रापलीकडच्यांचं नाव घ्यायला आमच्याकडे हरकत नसते.) लाखो सभासद, दहा डॉलर वर्गणी, पांढरा झगा संघटनेकडूनच विकत घ्यायचा. सहली, मिरवणुका, बायकांची शाखा, मुलांची शाखा, प्रोटेस्टंट चर्चला देणग्या. आणि काळ्या लोकांना, ज्यूंना, कॅथलिकांना धाक. काही राज्यांत एका मोठ्या पक्षाशी गूळपीठ, काही राज्यांत दुसऱ्या. द्वेषाला पक्ष नसतो, त्याला फक्त मतं असतात, असं सर म्हणाले.

इथे सर थांबले, पाणी प्यायले आणि १९२४ सालची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. ठराव आला की या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा. निम्म्यांचं म्हणणं, द्वेषाचा निषेध करू, धर्मस्वातंत्र्याचा उदो उदो करू, पण नाव कशाला? रात्रभर भांडले. तिथे मतं अपूर्णांकातसुद्धा असत, अर्धं मत, पाव मत. मोजली, तर नाव घेण्याचा ठराव जेमतेम एका मताने पडला. नाव नसलेला मंजूर झाला. नंतर उमेदवार निवडायला याच लोकांनी शंभराहून अधिक वेळा मतदान केलं आणि शेवटी निवडणूक हरले.

"एक मत," सर म्हणाले, आणि सबंध सभागृहाकडे पाहत राहिले.

लोक भारावून गेले होते. अध्यक्षांनी आभार मानताना सांगितलं की आजवर आपल्याला वाटत होतं की आपलं मंडळ लहान आहे, अनुभव नाही, पण एवढ्या प्रगत राष्ट्राने याच वाटेने जाऊन दाखवलं आहे, हे ऐकून कार्यकर्त्यांना हुरूप आला. सरांना शाल, श्रीफळ. पुढच्याच आठवड्यात मंडळाने वर्गणी सुरू केली, टी-शर्ट काढले (मंडळाकडूनच घ्यायचे, बाजारातले चालणार नाहीत), महिला शाखा आणि बाल शाखा उघडली. सरांच्या व्याख्यानातलं एवढं तंतोतंत कोणत्याही विद्यार्थ्याने कधी उतरवलं नसेल.

सरांना मात्र आनंद झालेला दिसला नाही. मला म्हणाले, "मी धोक्याची पाटी लावली होती हो. यांनी ती पत्ता म्हणून वाचली."

डिसेंबरात बाईंनी गॅलरीत नाताळचा तारा लावला, त्याची वायर कोणीतरी कापली. मग चिपळूणला शांतारामांना फोन गेला. शांतारामांनी सरांना कळवलं: सर, माझा तुमच्यावर राग नाही, पण सोसायटीत वातावरण ठीक नाही म्हणतात. सोसायटीने लेखी सांगितलं की असलं कृत्य करणाऱ्या मंडळाशी आमचा संबंध नाही, तर मी करार वाढवतो. नाहीतर मला नाही जमायचं, मला फ्लॅट पुढे विकायचाही आहे.

म्हणजे आता सगळं एका नावावर येऊन ठेपलं. सोसायटीने मंडळाचं नाव घेऊन निषेध केला, तर बाईंचं डायलिसिस गेटसमोरच राहणार होतं.

त्यात महापालिकेच्या निवडणुका लागल्या. मंडळाकडे साडेतीनशे मतं आहेत, असं मंडळच सांगत असे. उमेदवार तीन, पक्ष तीन, आणि त्यांचं एकमेकांशी जन्माचं वैर. पण तिघेही अध्यक्षांच्या घरी पोहे खाऊन गेले. एकाने पेव्हर ब्लॉक कबूल केले, दुसऱ्याने टँकर, तिसऱ्याने पेव्हर ब्लॉक धुवायला टँकर. तिन्ही जाहीरनाम्यांत 'मूळ रहिवाशांचा सन्मान' हे कलम शब्दशः सारखं होतं. (छापखानाही एकच होता.) एवढी सर्वपक्षीय एकजूट आम्ही पाण्याच्या प्रश्नावरही पाहिलेली नाही.

त्यांतला तरुण उमेदवार जितेश सरांचा विद्यार्थी. सर त्याला म्हणाले, भाषणात एकदा त्या मंडळाचं नाव घे, बाकी काही नको.

"सर, मी पर्सनली हंड्रेड पर्सेंट तुमच्या बाजूने आहे, आईशपथ," जितेश म्हणाला. "पण माइकवर कसं बोलू? साडेतीनशे व्होट आहेत, समजा ना जरा. मी प्रवृत्तीवर बोलतो ना. चालेल?"

आणि तो बोलला. काय बोलला! 'समाजात फूट पाडणाऱ्या काही प्रवृत्तींना मी ठणकावून सांगतो' म्हणताना त्याने टेबलावर मूठ आपटली, माइक खाली पडला. पहिल्या रांगेत अध्यक्ष होते, त्यांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. प्रवृत्तीचा निषेध करण्यात हाच मोठा फायदा आहे. प्रवृत्ती कोणत्याही मजल्यावर राहत नाही, तिला राग येत नाही, आणि तिचं मतदार यादीत नाव नसतं.

सोसायटीत ठराव मांडायचा तर सभासद हवा, सर भाडेकरू. मला वाटलं प्रश्न आपोआप निकालात निघाला. पण ठराव आला, आणि तो आमच्याच स्वयंपाकघरातून आला. माझी पत्नी लतिका फ्लॅटची सहमालक आहे, हे मी कर वाचवण्यासाठी केलं होतं.

"मी मांडणार आहे," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "मंडळाचं नाव घालून. अध्यक्षांचंही."

"अगं, सचिवाच्या घरातून? लोक काय म्हणतील?"

"नाव न घेता म्हणतील, घाबरू नका."

विशेष सर्वसाधारण सभा रविवारी संध्याकाळी गच्चीवर झाली. भाडेकरूंना मागच्या खुर्च्यांवर बसायची मुभा होती. सर आले. व्हेरोनिकाबाईही आल्या, आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं असूनही. लतिकाने ठराव वाचला. मग एकेक सभासद उठून बोलू लागला. सगळ्यांना बाईंबद्दल कळवळा होता. कोणी म्हणाला, निषेध व्हायलाच हवा, पण नावाने कटुता येते. कोणी म्हणाला, मंडळाने कोजागिरीला दूध दिलं, ते आपण प्यायलो आहोत. कोणी म्हणाला, पुरावा काय? चिठ्ठीवर सही नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, अमेरिकेनेसुद्धा नाव घेतलं नव्हतं, सरांनीच सांगितलंय. यावर सरांनी तोंडावर हात ठेवला.

मी मतदान पुकारलं. बाजूने चाळीस हात. विरुद्ध चाळीस हात. सचिव या नात्याने मी तटस्थ. समसमान मतं पडली तर ठराव फेटाळला, असा आमचा नियम आहे.

आणि मग एक्केचाळिसावा हात निघाला. सुरुचीचा.

सुरुची बी-३०३मध्ये, सरांच्या समोरच्या दारात राहते. तिच्या मुलीला, आर्याला, सरांनी दहावीचा इतिहास फुकट शिकवला. बाईंच्या घराची जास्तीची चावी तिच्याकडेच असे. डायलिसिसच्या दिवशी हीच त्यांना गेटवरून वर आणी, वरणभात भरवी. आई म्हणायची ती त्यांना. तर तिचा हात निघाला, मांडीवरून वर आला, खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. शेजारी तिचा नवरा सिद्धेश बसला होता. तो मंडळाचा खजिनदार. त्याने काही केलं नाही, फक्त तिच्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं आणि प्रेमाने हसले. हात कानाजवळ थांबला.

कानापर्यंत आलेला हात मोजावा की नाही, याबद्दल उपविधीत तरतूद नाही. अमेरिकेत असती तर अर्धं मत धरलं असतं. मी रीतसर विचारलं, "सुरुचीताई, हात वर आहे असं समजायचं का?"

सगळी गच्ची तिच्याकडे पाहायला लागली.

"नाही," सुरुची म्हणाली. "केस... केस नीट करत होते."

तिने खरोखरच केस कानामागे सारले. दोनदा सारले. मी नोंद केली: ठराव फेटाळला.

लगेच अध्यक्ष उठले. 'बी-३०४ येथील ज्येष्ठ दांपत्यास झालेल्या त्रासाबद्दल ही सभा संबंधित प्रवृत्तींचा तीव्र शब्दांत निषेध करते,' हा ठराव त्यांनी स्वतः मांडला. एकमताने मंजूर झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. यापेक्षा तीव्र शब्द मी आस्थापना शाखेतही वापरलेले नाहीत.

लोक बटाटेवड्यांकडे वळले. व्हेरोनिकाबाई खुर्चीचा आधार घेत सुरुचीजवळ गेल्या. मला वाटलं, आता काही बोलणार. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुरुची, चावी उद्या आणून दे गं. सामान हलवायला लागेल."

सुरुची तिथेच खाली बसून रडायला लागली. सिद्धेशने तिला वडा आणून दिला.

जानेवारीअखेर सरांनी जागा सोडली. मंडळाची मुलं टी-शर्ट घालून सामान उतरवायला आली होती, एक पैसा घेतला नाही, एक कप फुटला नाही. अध्यक्षांनी स्वतः टेम्पोचं फाळकं लावलं. आता ते दोघं होळीला पुतण्याच्या मागच्या खोलीत असतात. बाई आठवड्यातून तीनदा रिक्षाने येतात. जाताना खड्ड्यांतून फार हाल होतात, असं लतिका सांगते. तिचं हल्ली माझ्याशी बोलणं एवढंच. जितेश निवडून आला. पेव्हर ब्लॉक छान बसले आहेत.

इथवर वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. आमच्या अध्यक्षांचा रागही आला असेल, येऊ द्या. मी त्यांचं नाव सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही ते विचारलेलं नाही. पण वाचता वाचता दुसरं एक नाव तुमच्या मनात येऊन गेलंच असणार. तुमच्याच जिन्यातलं, किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं, रोज सकाळी न चुकता सुविचार पाठवणारं. ते एकदा मोठ्याने घ्या बघू. आत्ता, घरात माणसं आहेत तोवर.

घ्या ना.

हरकत नाही. बी-३०४ सध्या रिकामा आहे, आणि शांताराम अगदी तुमच्यासारख्याच कुटुंबाच्या शोधात आहेत.